स्पिरिटचा बोळा

मी बोट उचललं की विपुलभाई कापूस उचलत. बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ठसा घेणाऱ्या त्या छोट्या काचेवर फिरवत. मगच आपलं बोट टेकवत.

सयाजीगंजमधली खासगी पॅथॉलॉजी लॅब. विपुलभाई मॅनेजर. रिपोर्ट मी टाइप करते. संगणक एकच. ज्याला बसायचं त्यानं बोट लावून तो उघडायचा, काम झालं की लॉक करायचा. रिसेप्शनवरची हेतलही बोट लावते. तिच्यानंतर बोळा निघत नसे.

आधी वाटलं, लॅब आहे, स्वच्छतेची सवय असेल. मग आठवलं, हे कधी सुरू झालं. चहा पिताना त्यांनी विचारलं होतं, "बेन, तमे मराठीमां केवा?" मराठी म्हणजे नेमके कोण, हे बडोद्यात असंच विचारतात.

"बौद्ध," मी म्हटलं.

"लागतां नथी, हं!" ते हसले. वाटत नाही म्हणे. हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बोळा.

हाच माणूस अनोळखी लोकांच्या लघवीच्या बाटल्या उघड्या हातांनी रांगेत लावतो. त्याला भीती माझ्या कोरड्या बोटाची.

मग एक दिवस त्यांनी मला चार आकडे सांगितले. "तमारे हवे पिन नाखवानो. आंगळी नहीं." आता बोट नाही, पिन. पिन फक्त मला.

मांजलपूरला घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग टाक ना पिन. बोट झिजतंय का तुझं? असल्या गोष्टीसाठी नोकरी घालवशील!" आईच्या वेळी पिन नव्हता. वेगळा कप होता. ती तो स्वतःच विसळून पालथा घालायची.

सकाळी मी बोटच लावलं. एक रिपोर्ट टाइप करून संगणक लॉक केला.

"केटली वार कहेवानुं, बेन?" किती वेळा सांगायचं म्हणे. विपुलभाईंनी बोळा पिळलाही नाही. काचेवर स्पिरिट साचलं. त्यातच त्यांनी बोट टेकवलं. संगणक उघडेना. पुन्हा टेकवलं. नाही. ओल्या काचेला त्यांची ओळख पटेना. हेतल अजून आली नव्हती. काउंटरवर एक बाई नवऱ्याच्या रिपोर्टसाठी ताटकळत उभी होती. तिची रिक्षा बाहेर थांबलेली.

"बेन, पिन नाखो ने, जल्दी."

मी ओढणीनं काच कोरडी केली. बोट टेकवलं. संगणक उघडला. रिपोर्ट छापून बाईच्या हातात दिला. मग संगणक पुन्हा लॉक केला.

त्यांचा हात कापसाकडे गेला. मी कापूस-स्पिरिटचा ट्रे माझ्याकडे ओढला.

"आता तुमचं बोट लावा. न पुसता." हे मी मराठीत बोलले. ऑफिसात पहिल्यांदाच. त्यांना सगळं कळलं.

"आ तो हाइजीन छे, बेन."

"मग हेतलनंतर का नसते हाइजीन?"

रिपोर्ट हातात धरून ती बाई दारातच थांबली होती. आमच्याकडे बघत. विपुलभाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोट टेकवलं. संगणक लगेच उघडला.

नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. पिन मी वापरत नाही. रोज सकाळी बोट लावते, संगणक लॉक करते आणि ट्रे हातात घेऊन तिथंच उभी राहते. माझ्या ठशावर त्यांचं बोट पडल्याशिवाय हलत नाही.