साहेबांचं वाक्य, काकांचा आवाज

कर्णेकाकांना स्वतःचं असं मत नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. माईक भाड्याने देणाऱ्याने मत बाळगू नये, असं ते म्हणत. सकाळी एका पक्षाची सभा, संध्याकाळी दुसऱ्याची. मत घेऊन बसलं तर चूल पेटायची कशी? त्यांचं खरं नाव शहरात कुणाला आठवत नव्हतं. गोदामात जुने कर्णे रचून ठेवलेले, म्हणून ते कर्णेकाका. बायकोसुद्धा चिडली की ‘अहो कर्णे’ म्हणूनच हाक मारायची.

बाकीचे माईकवाले ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ करतात. काकांना हा शुद्ध अडाणीपणा वाटे. ‘एक, दोन, तीन’ म्हणायला कोण पुढारी येतो? ज्याचा घसा जिथे चढतो, तिथेच माईक तपासायचा, ही त्यांची पद्धत. आणि गेली कित्येक वर्षं ते ज्यांच्या सभा वाजवत होते, त्या साहेबांचा घसा एकाच वाक्यावर चढायचा: “बाईचं बाईशी लग्न? पुरुषाचं पुरुषाशी? माझ्या जिवात जीव आहे तोवर होऊ देणार नाही!” त्यातल्या ‘होऊ देणार नाही’वर साहेबांचा आवाज असा काही फाटायचा की स्पीकर शिट्टी मारत. म्हणून सभेआधी काका रिकाम्या स्टेजवर चढत, कमरेवर हात ठेवत आणि साहेबांच्या ढंगात ते वाक्य बेंबीच्या देठापासून ओरडत. तिथे शिट्टी आली नाही की बाकीचं भाषण निर्धास्त. रिकाम्या खुर्च्यांना ते वाक्य तोंडपाठ झालं होतं.

काकांना एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एका मैत्रिणीबरोबर राहायची. मैत्रीण म्हणजे काय ते काकांना कळत होतं, काकूंना तर केव्हाच कळलं होतं, आणि दोघंही एकमेकांसमोर ताकाला जाऊन भांडं लपवत होते. सुरुवातीला दोघी सुट्टीच्या दिवशी जेवायला यायच्या. मग मैत्रीण यायची बंद झाली. मग मुलगीही फोनवरच भेटायला लागली. “कामात असेल,” काका म्हणायचे. काकू भांडी जरा जोरात आपटायच्या.

अशात साहेब बदलायला लागले.

एकदम नाही हो. पुढारी एकदम बदलला तर लोकांना कळतं ना! आधी साहेब म्हणाले, “या विषयाचा मी अभ्यास करतो आहे.” साहेबांनी कशाचा अभ्यास केल्याचं त्यांच्या मास्तरांनाही आठवत नव्हतं. मग म्हणाले, “माझं व्यक्तिगत मत वेगळं आणि पक्षाची भूमिका वेगळी.” कोणतं काय आहे, ते मात्र सांगेनात. बरेच दिवस तळ्यात-मळ्यात चाललं. मग पक्षाने तरुण मतदारांची पाहणी करवून घेतली, तिचा निकाल आला आणि साहेबांच्या अंतःकरणाला पाझर फुटला. एका सभेत त्यांनी सांगितलं, की एका तरुणाचे अश्रू पाहून माझे डोळे उघडले. पुढच्या सभेत तो तरुण त्यांचा भाचा होता. त्याच्या पुढच्या सभेत ती एक परिचारिका झाली. अश्रू मात्र तेच.

न्हाव्याच्या दुकानात यावर रोज खल चाले. न्हावी म्हणे, “वारा पाहून पाठ फिरवली, दुसरं काय?” शेजारचा शिंपी म्हणे, “माणूस बदलू शकतो हो. माझा मेव्हणा नाही का सुधारला?” मग सगळे काकांकडे वळत. काका म्हणजे साहेबांच्या जवळचा माणूस.

“खरं बोलतात की खोटं, काका?”

“आवाज स्पष्ट येतो,” काका म्हणत. साहेबांचा गळा दाटून यायची जागा त्यांना पाठ झाली होती. तिथे ते आवाज हलकेच वाढवत, म्हणजे हुंदका मागच्या रांगेपर्यंत नीट पोचे.

अशा लग्नांना मान्यता देणाऱ्या कायद्यावर सभागृहातलं मतदान तोंडावर आलं तेव्हा साहेबांनी पाठिंब्याची मोठी सभा लावली. मैदान रंगीबेरंगी झेंड्यांनी भरलं. जोडपी हातात हात घालून आली होती, कुणाचे आईवडीलही बरोबर होते. काका वायरी जोडत होते, इतक्यात त्यांना पुढच्या रांगेत मुलगी दिसली. शेजारी मैत्रीण. आजवर मुलीने बापाच्या एकाही सभेत पाऊल टाकलं नव्हतं. काकांना असं भरून आलं की विचारू नका. आज आवाज असा लावतो की पोरीला वाटलं पाहिजे, बाप कारागीर आहे! ते झपाझप स्टेजवर चढले, कमरेवर हात ठेवले आणि सवयीप्रमाणे ओरडले:

“बाईचं बाईशी लग्न? पुरुषाचं पुरुषाशी? माझ्या जिवात जीव आहे तोवर होऊ देणार नाही!”

शिट्टी आली नाही. वाक्य मैदानाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत लख्ख पोचलं.

हलणारे झेंडे जागच्या जागी थांबले. काकांची पाचावर धारण बसली. साहेबांचे सचिव धावत आले आणि दातओठ खात कुजबुजले, “काका, ते मागच्या निवडणुकीचं!”

साहेब गाडीतून उतरले ते हे ऐकतच. पण साहेब साहेब होते. ते माईकसमोर उभे राहिले, काकांकडे हात केला आणि म्हणाले, “आत्ता तुम्ही जो आवाज ऐकलात, तो जुन्या अंधाराचा आवाज होता. अशा माणसांचा राग धरू नका. त्यांनाही आपण प्रेमाने बदलू!” टाळ्यांचा कडकडाट झाला. वाक्य कुणाचं होतं हे मैदानातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असावं, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. पुढे साहेबांचा गळा दाटून आला. काकांनी खाल मानेने आवाज वाढवला.

सभा संपली. काका वायरी काढत असताना मुलगी आली.

“वाक्य माझं नाही गं,” काका घाईघाईने म्हणाले. “साहेबांचं आहे. साऱ्या जगाला माहीत आहे.”

“आवाज तुमचा होता, बाबा.”

“अगं, मी माईक तपासत होतो!”

“माझ्या शाळेच्या मैदानावरही तपासलात. मी आठवीत होते. वर्गात बाकावर बसून ऐकत होते. साहेब आले तेव्हा मी कानात बोळे घातले. पण तुम्ही ओरडलात तेव्हा मला वाटलं, बाबांना कळलंय, ते मलाच सांगताहेत.”

काकांच्या हातातली वायर तशीच राहिली. त्यांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माणूस करतो तेच त्यांनी केलं, दुसऱ्याकडे बोट दाखवलं. “साहेब तरी कुठे मनापासून बोलतात? पाहणी आली म्हणून सगळं चाललंय.”

“साहेबांच्या मनाशी मला काय करायचंय? त्यांनी हात वर करावा, कायदा व्हावा. मग घरी जाऊन आम्हाला शिव्या घातल्या तरी माझी हरकत नाही. तुमच्या हातात कुठला कायदा आहे, बाबा? तुमचं मनच हवंय मला. ते तुम्ही कधी बोललाच नाहीत.”

काकांनी जवळ होतं ते देऊ केलं. “कायदा झाला की तुमच्या लग्नाला सगळी सिस्टीम मी लावतो. नवे स्पीकर आणतो. एक पैसा नको.”

“मोजकी माणसं येणार आहेत. माईक नकोय.”

“मग मी काय करू?”

“दारात उभे राहा. येईल त्याला सांगा, ही माझी मुलगी आणि ही हिची बायको. साहेबांना न विचारता सांगा.”

“सांगीन की! त्यात काय!” काका म्हणाले, आणि खरंच त्यांना ते जमेल असं वाटलं. त्यांनी मान वळवली. मैत्रीण स्टेजच्या कडेला बसून त्यांची पसरलेली वायर गोळा करत होती. कोपराला वेढे देत होती. अशाने वायर आतून तुटते, हे काका येईल त्या मदतनिसाला ओरडून सांगत. आत्ताही ते तिला हाक मारायला गेले, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. तिने त्यांच्या घरी जेवणाची ताटं घेतली होती, काकूंच्या गुडघ्याला मलम चोळलं होतं. काका तिच्याशी नेहमी ‘अगं’, ‘ऐक’ असंच बोलत आले होते.

“काय गं,” ते मुलीला हळूच म्हणाले, “नाव काय तिचं?”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, रागाने की कशाने ते काकांना कळेना.

“तिलाच विचारा,” ती म्हणाली.