समितीसाठी उघडलेली खोली

विद्यापीठात इंग्रजीच्या शिक्षकाला शिकवणं सोडून बाकी सगळं करावं लागतं. पाहुणे आले की सूत्रसंचालन आमचं, कोणी वारलं की शोकठराव आमचा आणि मूल्यांकन समिती येणार म्हटलं की साऱ्या जगाचे अहवालही आमच्याच गळ्यात. त्या वर्षी वरून फर्मान आलं की शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी आपण काय करतो ते लिहा. करत काहीच नव्हतो. मग विभागातली अडगळीची खोली झाडली, कुठूनसा सोफा आणला आणि दारावर 'स्वास्थ्य कक्ष' अशी पाटी लावली.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी तासिका तत्त्वावर होती. दर जूनला तिची नव्याने मुलाखत व्हायची; निवड झाली तर वर्षभर काम, नाहीतर घर. विश्रांतवाडीहून यायची, खच्चून भरलेल्या वर्गात जीव तोडून शिकवायची आणि परत आली की डबा न उघडताच बसून राहायची. एकदा म्हणाली, "मॅडम, वर्गात शिरताना छातीत धडधडतं. पण कोणाला सांगू नका हं. जूनमध्ये बरोबर आठवेल त्यांना."

समिती आली त्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, "खोली रिकामी दिसायला नको." आम्ही कायमचे लोक फायली सांभाळत होतो, म्हणून तिला सोफ्यावर बसवलं. काय बोलायचं तेही पढवून ठेवलं होतं. समितीतल्या एक वयस्कर बाई तिच्या शेजारी टेकल्या आणि त्यांनी साधंच विचारलं, "कशी आहेस?"

तिचं पाठ केलेलं इंग्रजी जागच्या जागी विरलं. ती हमसून हमसून रडली. बाईंनी तिचा हात हातात घेतला. दारात उभे असलेले प्रमुख कौतुकाने म्हणाले, "बघा, आमचे शिक्षक इथे किती मोकळे होतात!" समितीच्या अहवालात त्या खोलीची खास वाखाणणी झाली.

जूनमध्ये तिला मुलाखतीलाच बोलावलं नाही. मी तणतणत प्रमुखांच्या खोलीत गेले.

"भावनिकदृष्ट्या जरा कमकुवत वाटतात हो त्या," ते म्हणाले. "समितीसमोर रडल्या."

"अहो, आपणच बसवलं ना त्यांना तिथे?"

"ती खोली समितीसाठी होती, मॅडम."

संध्याकाळी तिला फोन केला. तिनेच आधी विचारलं, "समितीने श्रेणी कोणती दिली हो आपल्याला?"

"वरची," मी म्हटलं.

"चला, बरं झालं," ती म्हणाली. टोमणा असता तर मी तो निमूट ऐकून घेतला असता. पण तिला खरंच बरं वाटलं होतं.