जर्मन गाडीतलं जपानी इंजिन

सुआमे मॅगझिन ह्या गॅरेजांच्या वस्तीत माणूस ओळखला जातो तो आधी आईच्या कुळावरून, आणि मग तो कुठल्या देशाची इंजिनं उघडतो त्यावरून. घानातल्या कुमासी शहराच्या त्या टोकाला मैलोन् मैल नुसत्या पत्र्याच्या शेड आहेत, आणि त्यांत नुसता फिटर असा कुणी नसतो. एक जर्मनवाला असतो, एक जपानीवाला असतो. धर्म बदललेली माणसं तिथं ढिगाने सापडतात. देश बदललेला फिटर मात्र सहसा सापडत नाही.

बेडियाको जर्मनवाला होता, कारण त्याचा मामा आम्पोफो उस्ताद जर्मनवाला होता. अशांती लोकांत वारसा बापाकडून येत नाही, मामाकडून येतो. बापाने बेडियाकोला नाक दिलं आणि बाजूला झाला. शेड, पाने, कुळातली जागा आणि मतं ही सगळी मामाची. ती घेऊन बेडियाको पन्नाशीला पोचला होता.

आम्पोफो उस्तादाची ख्याती कानाची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग तो सांगायचा, आणि सांगितलेलं निघायचं. अलीकडे तो ऐंशीच्या घरात गेला होता आणि कान निम्मे गेले होते. ही गोष्ट सगळ्या मॅगझिनला ठाऊक होती, त्याला सोडून. भाच्याचं कौतुक मात्र त्याने कान शाबूत असतानाही कधी केलं नव्हतं. "बसेल हात," एवढंच म्हणायचा. तीस वर्षं तो हात बसायचा होता.

उस्तादाचा एकच खरा वैरी होता, आणि दुपारी फुफू, म्हणजे रश्शात बुडवायचा कंदाचा गोळा, खायला तो रोज त्याच्याच समोरच्या बाकावर बसायचा. ट्वेनेबोआ. जपानीवाला.

"तुमचं जपानी इंजिन," उस्ताद रश्शात बोटं बुडवत म्हणायचा, "म्हणजे मयताला भाड्याने आणलेली रडणारी बाई. वेळेवर येते, हवं तेवढं रडते, कधी चुकत नाही. पण आतून काही नसतं."

"आणि तुझं जर्मन म्हणजे घरची लेक," ट्वेनेबोआ म्हणायचा. "रडेल तर काळीज फाटेल. पण मयताला पोचली तर."

"चढावर बघ की. माम्पाँगच्या घाटात तुझं धापा टाकतं, माझं गातं."

"गातं कसलं, विव्हळतं. तेल हवं ते ह्याच जातीचं, पाणी हवं ते ह्याच रंगाचं. माझ्या इंजिनाला गावठी तेल पाज, वर्षभर विसरून जा, मुकाट चालतं."

दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण कधी संपलं नाही. जर्मन इंजिन ज्यांनी घडवलं त्यांचा विश्वास होता की मालक सूचनांचं पुस्तक वाचेल. जपानी ज्यांनी घडवलं त्यांना मालक माहीत होता.

उस्तादाची स्वतःची गाडी काळी होती, लांबलचक, कातडी गाद्यांची. कुणा सरदाराच्या दारातून उतरून ती त्याच्याकडे आली, तेव्हापासून कुळातल्या प्रत्येक मयताला शवगाडीच्या पुढे तीच चालत आली होती. त्या गाडीतली पुढची, मोठी माणसं बसायची जागा उस्तादाची, आणि पाण्याची बाटली, थर्मास, वरवंटा, कोंबडी असल्या सामानासकट मागची जागा त्याच्या धाकट्या बहिणीची, सेरवाची. सेरवा म्हणजे बेडियाकोची आई.

ही सेरवा एका सकाळी उठली नाही. आदल्या दिवशी तिने अंगण झाडलं होतं, दोन नातवंडांना आंघोळ घातली होती, भावाला शेडमध्ये जेवण पोचवलं होतं. दुखतं-खुपतं असं ती कधीच बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाला, हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं असणार. घरातले सगळे एकमेकांकडे बघत राहिले, कारण त्यांच्यापैकी कुणीच तिला कधी विचारलं नव्हतं.

तिकडे मेलेल्या माणसाला घाई नसते. देह शवागारात थंड राहतो आणि जिवंत माणसं न्सुता ह्या मूळ गावच्या घराला रंग देतात, छप्पर बदलतात, कापडं शिवतात, भिंतींवर फोटोचे कागद चिकटवतात. कुळाचा मुख्य म्हणून आम्पोफोने महिन्यानंतरचा शनिवार ठरवला आणि सांगितलं, "माझी गाडी पुढे चालेल. सेरवा कधी भाड्याच्या गाडीमागून गेली नाही."

गाडीचं त्याच आठवड्यात पाणी उकळलं. बेडियाकोने इंजिनाचं हेड उतरवलं तर ते वाकलेलं, आणि ब्लॉकला, इंजिनाच्या धडालाच, केसाएवढी चीर. त्या चिरेवर त्याने बराच वेळ बोट फिरवलं, जणू बोट फिरवल्याने ती मिटणार होती. दुसरा ब्लॉक राजधानीत, अक्रात, मिळाला नाही. शेजारच्या देशात, लोमेच्या बंदरात एक होता म्हणाले, आला तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला.

आता, वाईट बातमी सांगायची अशांतींची एक रीत आहे. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं. तो पाणी पितो. मग घरचा विचारतो, कसं येणं केलंत. पाहुणा म्हणतो, सगळं ठीक आहे. घराला आग लागली असली तरी पहिलं वाक्य तेच. त्यानंतर दुसरं वाक्य येतं, आणि खरं ते दुसरं. लहान पोरालाही कळतं की पहिल्या वाक्यावर उठायचं नसतं.

बेडियाको रोज संध्याकाळी मामाकडे जायचा. पाणी प्यायचा. मामा विचारायचा, "काय रे, गाडी?"

"सगळं ठीक आहे, मामा."

मामा दुसऱ्या वाक्यासाठी जरा थांबायचा. बेडियाको ग्लास खाली ठेवायचा, आईच्या रिकाम्या खाटेकडे बघायचा आणि उठायचा. म्हाताऱ्याने बहीण गमावली होती. त्याच आठवड्यात त्याला इंजिनही गेल्याचं सांगायला जीभ उचलेना. आणि दुसरं वाक्य एकदा राहिलं की रोज जड होत जातं.

शेवटी तो ट्वेनेबोआच्या शेडमध्ये गेला. तिथंही पाणी आलं. ते पिऊन, "सगळं ठीक आहे," म्हणून त्याने लगेच दुसरं वाक्य सांगितलं.

ट्वेनेबोआ हसला नाही. हसण्याची तयारी त्याने चाळीस वर्षं केली होती, पण ते त्याला जमलं नाही. "सेरवा मला तुझ्या मामाच्या डब्यातला मासा द्यायची," तो म्हणाला. "तो तोंड धुवायला गेला की." मग उठून त्याने एका कोपऱ्यातली गोणपाटं बाजूला केली. खाली एका महागड्या जपानी गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, पुढून ठोकरलेल्या गाडीतून उतरवलेलं. "घेऊन जा. इंजिन बसायचं फाउंडेशन कापून बदलावं लागेल. त्याला सांगणार आहेस ना?"

"सांगेन."

"मयताच्या आधी सांग. मयताच्या कामात खोटं चालत नाही."

"सांगतो म्हटलं ना, काका."

इंजिन बसलं, गिअरबॉक्ससकट. जर्मन डॅशबोर्डवरचा पाण्याच्या उष्णतेचा काटा मात्र परक्या इंजिनाशी बोलायला तयार होईना, म्हणून बेडियाकोने काच उघडून तो बरोबर मध्यावर चिकटवून टाकला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुबक खोटं होतं.

शनिवारी पहाटे शवागारातून सेरवाला घेतलं. काळी गाडी पुढे, शवगाडी मागे, त्यामागे तीन बसगाड्या भरून काळ्या-लाल वस्त्रांतली माणसं. बेडियाको चालवत होता, शेजारी मामा. माम्पाँगचा घाट लागला. गाडी वर चढत गेली, हुं नाही की चूं नाही. मामा डॅशबोर्डकडे बघत होता.

"काटा बघ," तो म्हणाला. "हललासुद्धा नाही."

बेडियाकोने रस्त्याकडे बघितलं.

"आणि किती शांत. पूर्वी इथं जरा कुरकुरायचं." मामाने तळवा डॅशबोर्डवर ठेवला. "टायमिंग बांधलंस ना पुन्हा? कळतंय." एक वळण गेलं. "बसला हात तुझा, बेडियाको."

तीस वर्षं ज्या वाक्यासाठी त्याने नखात ग्रीस घालून घेतलं होतं, ते असं आलं, दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल. "हो, मामा," तो म्हणाला.

न्सुताला सेरवाला सजवून पितळी पलंगावर ठेवलं. बायकांनी टाहो फोडला. लोक रांगेने येऊन तिच्याशी बोलून गेले. कुणी तिच्या हातात रुमाल ठेवला, कुणी पलीकडच्या माणसांसाठी निरोप. आता शवपेटी बंद होण्याआधी कुळाच्या मुख्याने जिन दारूची धार जमिनीवर सोडायची, पूर्वजांना हाका मारायच्या आणि मयताला निरोप द्यायचा होता. धार सोडणाऱ्याच्या तोंडातून खोटं गेलं, तर ते ऐकणारे जमिनीखाली असतात आणि ते माफ करत नाहीत. चुकून गेलं तरी दोष लागतो, आणि तो धार सोडणाऱ्याला नाही, मेलेल्याला अडवतो. बेडियाको शिकलेला नव्हता आणि अडाणीही नव्हता. ह्या गोष्टीवर आपला विश्वास आहे की नाही हे त्याने कधी तपासलं नव्हतं. आई पुढ्यात असताना ते तपासून बघावं असंही त्याला वाटेना.

आतल्या खोलीत मामा खुर्चीवर बसून ओठांतल्या ओठांत शब्द जुळवत होता. भाचा दिसताच म्हणाला, "ये. ऐक, बरं वाटतं का सांग. मी म्हणणार, सेरवा, ज्या इंजिनामागून तू सगळ्यांना पोचवायला गेलीस, त्याच इंजिनामागून तुला आणलं. ते थकलं नाही, तूही थकली नाहीस. कसं आहे?"

बाहेर ढोल थांबले. कुणीतरी दारातून डोकावून म्हणालं, "उस्ताद, माणसं उभी आहेत."

बेडियाको खाली बसला, मामाच्या पायांशी.

"सगळं ठीक आहे, मामा," तो म्हणाला.

मामाने त्याच्याकडे बघितलं. ह्या वेळी तो नुसता थांबला नाही, थांबून राहिला. दारातल्या माणसाला त्याने हातानेच परत पाठवलं.

"ते इंजिन गेलं. ब्लॉकच फुटला. आत जे आहे ते जपानी आहे. ट्वेनेबोआने दिलं."

मामाने डोळे मिटले. ऐकू गेलं नाही की काय, म्हणून बेडियाकोने तोंड उघडलं, तर मामाने बोट वर केलं.

"काटा?"

"चिकटवलाय."

"अच्छा." म्हाताऱ्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिला. "माझं कुठाय?"

"शेडमध्ये. ताडपत्री घातलीय."

"झाकलंस ते बरं केलंस." मग, "आवाज नव्हता, तेव्हाच कळायला हवं होतं मला. मी म्हटलं, तुझा हात."

"मामा—"

"गप. उठव मला."

बाहेर सगळं गाव उभं होतं. आम्पोफोने चपला काढल्या, खांद्यावरचं काळं कापड कमरेला उतरवलं, पेला घेतला. दर वाक्यामागे उभ्या माणसांनी एका सुरात "होय, तसंच" म्हणायचं असतं. त्याने आजीला हाक मारली, आजीच्या आईला हाक मारली, जिन जमिनीवर पडत गेली.

"सेरवा, तुझ्या भावाने तुला घरी आणलं."

"होय, तसंच."

"ज्या गाडीमागून आणलं ती माझी आहे. तिच्यातलं इंजिन माझं नाही. ट्वेनेबोआचं आहे. जपानी आहे."

एका सुरात म्हणणारे अडखळले. असल्या वाक्याला काय म्हणायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मागे कुठलंतरी पोरगं फिसकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. मग एका म्हाताऱ्या बाईने ठामपणे, "होय, तसंच," म्हटलं, आणि बाकीचे तिच्यामागून म्हणाले. ट्वेनेबोआ काळ्या कापडात तिसऱ्या रांगेत उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो आपल्या चपलांकडे पाहत राहिला.

"मी म्हणणार होतो, तू माझ्या इंजिनासारखी होतीस," आम्पोफो म्हणाला. त्याचा आवाज आता धार सोडणाऱ्याचा राहिला नव्हता; फुफूच्या बाकावर बसल्यासारखा तो बोलत होता. "तेही खोटंच झालं असतं. माझं इंजिन कुरकुरतं. तेल कमी झालं की सांगतं, तापलं की सांगतं, सगळ्या मॅगझिनला गोळा करतं. तसा मी आहे. मला शिंक आली की तू काढा घेऊन यायचीस. तू ते दुसरं होतीस. काही मागितलं नाहीस, म्हणून कुणी झाकण उघडून बघितलं नाही. चाळीस वर्षं मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून फिरलो, सेरवा. तुझ्याशी मी असा कधी बसलो नाही."

पेला रिकामा झाला होता. उरलेले दोन थेंब त्याने झटकले. ह्या वेळी "होय, तसंच" कुणी म्हणालं नाही, आणि त्याचीही कुणाला चूक वाटली नाही. बेडियाको पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. आईच्या पायांत नवे पांढरे मोजे होते. ती हयात असती तर म्हणाली असती, कशाला उगीच.

पेटी बंद झाली. पुरलं. दुपारभर मंडपात ढोल वाजले, लोक जेवले, नाचले, रडले, पुन्हा जेवले. मामा भाच्याशी बोलला नाही, ट्वेनेबोआशीही नाही. पण जेवणाचं ताट आलं तेव्हा त्याने त्यातला मासा उचलला आणि शेजारच्या खुर्चीकडे, ट्वेनेबोआकडे, सरकवला. ट्वेनेबोआने तो खाल्ला. दोघांपैकी कुणीच इंजिनांचा विषय काढला नाही. मॅगझिनच्या इतिहासात असं बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं.

उन्हं कलल्यावर परत निघायचं ठरलं. बेडियाकोने गाडीचं दार उघडून धरलं. मामा आत बसला नाही. तो पुढे गेला आणि बॉनेटवर दोन बोटांनी टकटक केलं.

"उघड."

बेडियाकोने उघडलं. म्हातारा बराच वेळ आत बघत उभा राहिला. कापलेलं फाउंडेशन, वळवलेल्या नळ्या, नव्या वायरींना गुंडाळलेली चिकटपट्टी. वेल्डिंगच्या एका शिवणीवर त्याने अंगठा फिरवला.

"शिवण चांगली घातलीस," तो म्हणाला. "हे खरं सांगतोय."

बेडियाकोने फडक्याने हात पुसले.

"काटा सोडव तो. नसला चालत तर नसू दे. नाही चालत हे दिसू दे." मामाने तळवा इंजिनावर ठेवला. ते थंड होतं. "आणि हे महिन्यातून एकदा उघडून बघत जा. बिघडलं असं वाटत नसलं तरी. हे आपणहून सांगणार नाही."

"हो, मामा."

"आता कुठं बसू?" त्याने स्वतःशीच विचारलं. मग तो मागे, बहिणीच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसला, आणि पुढची जागा ट्वेनेबोआला दिली.