सम्यकच्या पोटातली गाठ

एक होती आजी, एक होता तिचा नातू आणि एक होती नातवाच्या पोटातली गाठ. आजी मी. नातू सम्यक, दीड वर्षाचा. दवाखान्यात हाताला काम नसतं, म्हणून डोळे-कान भरत राहतात. घरी आल्यावर एकेक किस्सा आपोआप तोंडात येतो.

*

सम्यक प्यायलेलं दूध जसंच्या तसं ओकायचा. आम्ही मार्केट यार्डात कोथिंबीर विकणारी माणसं, तिथं सल्ला फुकट. शेजारची लिंबूवाली म्हणाली, "नजर लागलीय." आणि लगेच लिंबं निवडायला बसली.

सून तिला म्हणाली, "मावशी, शेपूवाल्याला विचारलं तर तो शेपू सांगेल." पोराला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जठरातून अन्न पुढं जातं, त्या तोंडावरच गाठ आहे. लहान मुलांत फार क्वचित होते. काढावी लागेल. कसली आहे ते तपासल्यावर कळेल."

माझा मुलगा विलास म्हणाला, "क्वचित म्हणजे कितींत एक?"

"तुम्हाला एकच आहे ना? मग त्याचंच बघू."

*

शेजारच्या खाटेवर कोथरूडच्या काकूंची सात वर्षांची नात. तिच्याही पोटात गोळा. काकूंनी मलाच विचारलं, "तुम्ही बाहेरचं देत होतात का हो त्याला? आमच्याकडे बाहेरचं काही चालत नाही."

नातीच्या पोटातून निघाला केसांचा गोळा. पोरगी गुपचूप वेणी चघळायची. सिस्टर म्हणाली, "बरोबर आहे काकू तुमचं. सगळं घरचंच होतं."

त्या दिवसापासून काकू माझ्याशी नीट बोलायला लागल्या.

*

सम्यकचं ऑपरेशन झालं. आता पोटातला वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पोर तहानेनं रडतंय आणि आम्ही सगळे कान लावून बसलोय.

दुपारी आवाज आला. ज्या काकूंच्या घरी या गोष्टीचं नाव काढत नाहीत, त्याच ओरडल्या, "सिस्टर, झालं!" सिस्टर वाटी-चमचा घेऊन धावली.

सून म्हणाली, "थांबा. आवाज ओळखीचा आहे. यांचा आहे."

विलास खुर्चीत डोळे मिटून बसला होता. सिस्टरनं त्याला वॉर्डाबाहेर काढलं. खरा आवाज संध्याकाळी आला.

*

पेज सुरू झाली, पण गाठीचा रिपोर्ट यायचा होता. तोवर आमच्याच घशाखाली घास उतरेना.

काकूंच्या नातीला घरी सोडणार त्याच सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. पूर्ण निघालीय."

काकूंनी नातीसाठी पेढे आणलेच होते, त्यातला पहिला बाईंच्या हातावर ठेवला.

"बाळाला मात्र अजून पेज आणि मऊ भातच हं," बाई सांगत होत्या. तोवर माझ्या कडेवरच्या सम्यकनं त्यांच्या हातावरचा पेढा उचलून तोंडात कोंबला.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. बाईसुद्धा.

पेढा खाली गेला. खालीच राहिला.

सम्यकनं परत हात पुढे केला. "आनकी."