इंजिन गार असताना

भिकूमामा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पेज घेऊन परळच्या हॉस्पिटलात गेले होते. डोळे मिटलेले, नाकात नळी, हात चादरीवर. झोपलाय असं समजून मी डबा हळूच ठेवला, तर डोळे न उघडताच म्हणतो, “खाली कुणाची तरी मोटारसायकल आली बघ आत्ता. चेन ढिली आहे तिची. सांग जा त्याला.” म्हटलं, मामा, आधी स्वतःचं बघ. तर म्हणाला, “माझं बघायला डॉक्टर आहेत. त्याचं कोण बघणार?” गेले बाई खाली. पार्सल पोहोचवणारा एक मुलगा उभा होता, त्याला म्हटलं, बाबा, वर माझा मामा आजारी आहे, तो म्हणतो तुझी चेन ढिली आहे. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग वाकून चेनला बोट लावलं, आणि मान हलवली. वर येऊन मामाला सांगितलं तेव्हा गडी असा खूश झाला की चार चमचे पेज जास्त प्यायला... पहाटे फोन आला. पोहोचलो तेव्हा मी त्याचा पंजा हातात घेतला. गार होता. ‘गार’ हा शब्द आमच्या घरात मामानं चाळीस वर्षं इतक्या आनंदानं वापरलेला, की त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा राग आला.

आता काही आठवडे झालेत आणि लोक म्हणतात, मामांवर काहीतरी लिही. लिहायला बसले की रडू येण्याऐवजी नुसता उत्साह येतो, त्याला मी काय करू? हा माणूस होताच तसा. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन मिळालं तर लग्न जमल्यासारखा पेढे वाटायचा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. कणकवलीकडचं आमचं मूळ, पण मामा लालबागच्या चाळीत आमच्याच खोलीत लहानाचा मोठा झाला. बाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर, मामा त्याच गिरणीत ब्लोरूमला, कापूस पिंजायला. सुट्टीच्या दिवशी गॅरेजांतून फिरायचा, नाद म्हणून. मग संप लागला, आणि नाद होता तोच धंदा झाला. कुणाच्या टॅक्सीचं इंजिन बसलं, कुणाची मोटारसायकल जॅम झाली, की लोक चाळीखाली उभे राहून हाक मारायचे. जुन्या गाडीला नवं इंजिन कुठून मिळणार? तशाच दुसऱ्या गाडीचं शोधायचं. मामा शोधायचा. कुर्ल्याचे भंगारवाले, चोरबाजारातल्या बोळी, रे रोडची गोदामं... त्याची ती दोन सायलेन्सरची मोटारसायकल, जिच्या गिअरची दांडीच फिरवून तिची किक करायची, ती फटफटत निघाली की आई म्हणायची, “चल्लो भंगाराच्या वारीक.”

आणि त्याचा तो नियम. विकणारा कितीही गोड बोलो, मामा आधी एक काम करायचा, इंजिनावर पंजा ठेवायचा. गरम लागलं की हात काढायचा आणि म्हणायचा, “इंजिन गरम आसा. फाल्या येतंय.” फाल्या म्हणजे उद्या. विकणारे चिडायचे, पण मामा ढिम्म. कारण सोपं आहे. इंजिन एकदा तापलं की रद्दडातलं रद्दडसुद्धा अर्ध्या किकेत सुरू होतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी लोक ते तापवून ठेवतात. खरं काय ते रात्रभर गार पडून सकाळी कसं उठतं त्यावर कळतं. किती किका घेतं, धूर निळा सोडतं की पांढरा, खोकतं का, खोकून सावरतं का. “गरम दाखवतत, ता खरा नसता,” असं तो म्हणायचा आणि आम्हाला वाटायचं, हे फक्त इंजिनांपुरतं आहे. तसं नव्हतं. फार पूर्वी गावाकडे त्याला मुलगी दाखवायला नेलं होतं, तर परत येताना म्हणाला, सगळं गरम करून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता परत गेला. मुलीच्या बापानं सोटा घेऊन वेशीपर्यंत पिटाळला. मामा बिनलग्नाचा राहिला तो राहिलाच.

तर संप रेंगाळला होता त्या दिवसांत गिरगावच्या एका वाडीतून सुधीर नावाचा मुलगा मामाला शोधत आला. त्याच्या वडिलांचं, तात्यांचं, चष्म्यांचं दुकान. त्यांच्याकडे वडिलोपार्जित एक छोटी विलायती मोटार, दरवर्षी गणपतीला कोकणात जायची, आणि त्या वर्षी तिच्या इंजिनानं मान टाकली होती. मिस्त्री म्हणत होते भंगारात काढा. तात्या म्हणत होते, माझ्या बापाची गाडी आहे, भंगारात मला काढा आधी. मामाला असं गिऱ्हाईक मिळालं की झालं. सुधीरला मागे बसवून स्वारी निघाली. रोज संध्याकाळी दोघं हात काळे करून परत यायचे, गॅलरीत बसायचे, मी पाणी नेऊन द्यायची आणि आज कुठे गेलात म्हणून विचारायची. सुधीर सांगायला लागला की मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी. मला तो आवडला होता. आता साठी उलटल्यावर त्यात लपवायचं काय आहे?

इंजिन मिळालं ते कुठे, तर रे रोडला लाकडाच्या वखारीत. दोघं दुसऱ्याच कामाला चालले होते, आणि मामानं मोटारसायकल मधेच बंद केली. सुधीर सांगतो, मामा एक पाय जमिनीवर टेकून नुसता ऐकत होता. आत करवत चालू होती, तिच्या किंचाळण्याखाली एक इंजिन चाललं होतं. आत जाऊन बघतात तर लाकडी ठोकळ्यांवर बसवलेलं अगदी तेच विलायती इंजिन, पट्टा लावून त्यावर करवत फिरवत होते. गाडीचा पत्ता नाही, इंजिन मात्र फळ्या कापतंय. सुधीर तर नाचायलाच लागला. वखारीचा कच्छी शेठ म्हणाला, “मख्खन चलता है, आज ही ले जाव.” मामानं पंजा ठेवला. गरम. उद्या येतो. दुसऱ्या दिवशी गेले तर शेठनं ह्यांच्या आधीच चालू करून ठेवलेलं. पुन्हा उद्या. शेठ म्हणाला, “अरे लेना नहीं तो बोलो, रोज हाथ क्या सेंकते हो?” सुधीरचा जीव टांगणीला, दुसऱ्या कुणी नेलं तर? मामा म्हणाला, नेऊ दे, पण गार बघितल्याशिवाय मी तुझ्या बापाच्या गाडीत ते घालणार नाही.

मग एके दिवशी मामा भल्या सकाळी गिरगावात सुधीरला उठवायला गेला, वखार उघडायच्या आत पोहोचायचं म्हणून. वाडीच्या नळावर बायकांची रांग, आणि रांगेत हा पोरगा, बनियनवर, हातात आईची कळशी, पुढच्या म्हातारीची घागर उचलून देतोय. मामानं हाक मारली नाही. कोपऱ्यावर उभा राहून सगळं पाणी भरून होईपर्यंत बघत बसला. त्या दिवशी ते इंजिन गार मिळालं, मामानं पंजा ठेवून दोन्ही बाजूंनी चाचपलं, तेल बोटांवर चोळून बघितलं, आणि हँडल मारलं. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. सुधीरनं मामाला मिठी मारली, शेठनं चहा मागवला. संध्याकाळी मामा घरी आला तो आईला म्हणाला, “बाये, दोन्ही गार बघून इलंय. इंजिन पण आणि पोरगो पण. आपल्या चेडवाक विचार.” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. विचारायचं काय त्यात. मी तांब्या घेऊन गॅलरीत पळाले.

तात्यांकडून निरोप आला, रविवारी मुलगी बघायला येतो. आणि आमच्या घरात धांदल उडाली. आठ महिने पगाराचं तोंड नव्हतं बघितलं घरानं. आईनं शेजारून खुर्च्या आणल्या, कुणाचा काचेचा सेट, कुणाचा पडदा, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा टेबलफॅन. बाबांनी काय बोलायचं तेही ठरलं, संप मिटल्यातच जमा आहे, पुढच्या महिन्यात कामावर. बाबा तेव्हा दादरच्या फुलबाजारासाठी गजरे ओवायचे. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी बोटं, त्यांना ते काय अवघड? पण नातेवाइकांत कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी घरात फूल दिसता कामा नये, असा आईचा हुकूम. मामा सगळं बघत होता. मी म्हटलं, मामा, काहीतरी बोल की. तो म्हणाला, “काय बोलू? शेठ बरा म्हणायचा.” आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. मला नाही कळलं.

शनिवारी सकाळी मी डोक्यावर भसाभसा तेल थापून बसलेले, आई ओट्याशी, बाबा जमिनीवर फुलांच्या ढिगात, दातात धागा. खाली हॉर्न वाजला. मामा नव्या इंजिनाची ट्रायल घेऊ म्हणून तात्यांना आणि सुधीरच्या आईला गाडीत घालून थेट आमच्या चाळीखाली आला होता. “चला, चहा घेऊ,” एवढंच त्यांना म्हणाला. दारात तात्या, मागे त्यांची बायको... मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. बाबा फुलं चादरीखाली ढकलायला लागले. तात्या म्हणाले, “राहू द्या, ओवा तुम्ही, फुलं सुकतील,” आणि खाली मांडी घालून बसले. घरात साखर चिमूटभर, चहा तो तसलाच. सुधीरच्या आईनं खोलीभर नजर फिरवली, रचून ठेवलेल्या उसन्या खुर्च्या बघितल्या, माझं तेलकट डोकं बघितलं. तात्यांनी विचारलं, संपाचं काय होईल? आई बाबांकडे डोळे वटारून बघत होती. बाबांनी गजऱ्याला गाठ मारली आणि म्हणाले, “मिटेल असं वाटत नाही. मिटला तरी आमची गिरणी उघडेल याचा भरवसा नाही. तोवर हे आहे.” चहा पिऊन ते दोघं उठले, येतो म्हणाले आणि गेले.

आईनं मामाला धरला. “मेल्या, ह्या काय केलंस रे? माझ्या चेडवाचा वाटोळा केलंस.” मी तर त्याच्याशी बोलायचंच टाकलं. मामा गॅलरीत कठड्याला टेकून उभा, पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, “मी माणसांना आयुष्यभर उद्या येतो म्हणत आलो. घरच्यांनीच तापवून दाखवायचं, तर मी कुठल्या तोंडानं पंजा ठेवू?” आईनं रागारागात खुर्च्या, सेट, पडदा, फॅन, सगळं ज्याचं त्याला परत केलं. आता कोण येतंय मरायला, म्हणाली.

आणि रविवारी ते आले. ठरल्या वेळेला, नेसून-सवरून, नारळ आणि साडी घेऊन. बसायला खुर्ची एक नाही, सतरंजीवर बसले सगळे. सुधीरच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला जवळ घेतलं आणि मामाला म्हणाल्या, “तुम्ही आमच्याकडे सकाळी नळावर येऊन गेलात ते आमच्या शेजारणीनं सांगितलं मला. मग आम्ही काल आलो ते बरंच झालं, फिट्टंफाट.” केसात माळायला गजरा बाबांनी तिथेच ओवून दिला. मामा इतका हसत होता की आईनं त्याला गॅलरीत घालवला.

पुढे बाबांची गिरणी उघडली नाही ती नाहीच. बाबा गजरेच ओवत राहिले, आणि मामा इंजिनं शोधत राहिला. दर वेळी बरोबर ठरायचा असं मुळीच नाही हं. एकदा चोरबाजारातून असं इंजिन घेऊन आला, की ज्याचा तडा साबण भरून बुजवला होता. गार होतं ना, गार होतं ना, म्हणत आठवडाभर स्वतःशीच भांडत होता. सुधीर आणि तो दर रविवारी भटकायचे. मला सासर मिळालं आणि नवरा मामानं पळवला, असं मी सगळ्यांना सांगायची. चाळ पाडून टॉवर आला तेव्हा मामा आमच्याकडे दादरला आला, मोटारसायकलसकट. शेवटपर्यंत सकाळी खाली जाऊन पंजा ठेवायचा आणि किक मारायचा. हॉस्पिटलात जाताना बजावून गेला, विकून टाका, उभी ठेवून गंजवू नका.

म्हणून मागच्या आठवड्यात मी ठाण्याच्या एका गृहस्थांना बोलावलं, जुन्या गाड्यांचे शौकीन. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मी येईपर्यंत चालू करणार नाही ना?” मला भरून आलं. म्हटलं, हाच तो माणूस. सकाळचा फेरफटका आटोपून मी आमच्या पार्किंगमध्ये गेले, म्हटलं ते येण्याआधी एकदा आपणही बघू, आणि मामासारखा पंजा इंजिनावर ठेवला.

गरम.

वर येऊन सुधीरला विचारलं. तो पेपरात तोंड खुपसून बसला होता. कुणी चालू केली? त्यानं पेपराची घडी घातली. मग म्हणाला, “तू फिरायला जातेस ना, तेव्हा मी खाली जातो. रोज. एकदाच... आवाज ऐकतो आणि बंद करतो.” सत्तरीला टेकलेला माझा नवरा, बनियनवर, नळाच्या रांगेत दिसला असेल तसाच दिसत होता. मी त्याच्या शेजारी बसले. चहा गार होईस्तोवर बसले.

मग त्या ठाण्याच्या गृहस्थांना फोन लावला. ते निघालेच होते. म्हटलं, माफ करा, इंजिन आज गरम आहे. फाल्या येवा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हाही मला तेच सांगावं लागलं.