नवव्या पानावर सोडलेलं नाटक

आज सकाळी ओमानमधल्या सोहारला दिगंबर वारला. मी सात महिने त्याच्याशी बोललो नव्हतो.

वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले. चहा पिता पिता."

मी म्हणालो, "वहिनी, मी शुक्रवारी त्याला फोन करणार होतो."
ही काय बोलायची वेळ होती? पण तेच बोललो.

अजून खरं वाटत नाही.

शाळेत आम्ही एका बाकावर. मला कवितांचं वेड, त्याला नकलांचं. पुढे तो सोहारच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरकीपर झाला आणि मी मस्कतला ड्राफ्ट्समन.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज नाटककार त्याचा जीव की प्राण. विग घातलेले छैले, लबाड नवरे, त्यांच्याहून हुशार बायका. दिगंबर म्हणायचा, "माझ्या इंग्रजाच्या नाटकात सगळे ऐटीत खोटं बोलतात. आपल्या मराठी मंडळात वेगळं काय चालतं?"

म्हणून त्याने ते नाटक मराठीत आणलं. छैल्याचा झाला सुट्टीवर गावी निघालेला गल्फवाला. अंगभर अत्तर, आणि हेल्पर असून सांगतो, मॅनेजर आहे.

पहिलं वाचन मस्कतच्या हमरिया भागात, माझ्याच खोलीवर.

नवव्या पानावर एका काकांचं पात्र आलं. बस किती वाजता, असं विचारलं की ते सूर्यास्तावरची कविता म्हणतात. सगळी, चालीत.

खोली हसली. सगळे माझ्याकडे बघत होते.

"दिगू, हा मी का?"
"मग काय. तुझ्यामुळेच जमलाय."

मी कागद खाली ठेवले. तिथून बोलणं खलास.

या मंगळवारी त्याचा व्हॉइस मेसेज आला. "बापू, रुसवा आवर. तुझी भूमिका दुसऱ्याला दिली, तर तो कविता म्हणतोय की मीटर रीडिंग घेतोय, कळत नाही."

हसू आलं होतं मला. तरी उत्तर दिलं नाही. म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबू दे त्याला.

आज दुपारी नाटकाची फाईल उघडली. दहाव्या पानापासून पुढे पहिल्यांदाच वाचलं.

शेवटच्या अंकात सगळ्यांची सोंगं उघडी पडतात. नायिकेला प्रश्न पडतो, आता विश्वास ठेवायचा कोणावर? ती त्या काकांकडे बोट दाखवते. "यांच्यावर. सगळे हसले तरी हे आपली कविता बदलत नाहीत."

दिगंबरने मला असं पाहिलं होतं.

आणि मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं की गुडघे दुखतात, तालमीला जमणार नाही.

मित्रहो, गुडघे ठीक आहेत. मी रुसलो होतो.

नाटक झालं तर काका मी करीन. लोकांना पोटभर हसू दे.

दिगू, तुला शेवटचा नमस्कार.