पहिलं वर्ष गाळायचा प्लॅन

फॉर्मवर ‘बारावी : बोर्डाचे नाव’ असा रकाना होता. त्यात मुलाने स्वतःच्या वडिलांचं नाव लिहिलं होतं. पुढे ‘टक्केवारी’च्या रकान्यात एकच शब्द होता, ‘संपूर्ण’.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग समोर बघितलं. चोवीस-पंचवीसचा मुलगा, पांढरा कुडता, मागे शेंडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. नाव श्रीधर.

“यह क्या लिखा है?” मी विचारलं.

त्याने माझ्या टेबलावरची आडनावाची पाटी वाचली आणि सरळ मराठीत उत्तर दिलं, “मी शाळेत नाही गेलो ना, काकू. अण्णांजवळच शिकलो. बारा साल. पूर्ण झालं, म्हणून संपूर्ण लिहिलं.”

मी बनारसमधल्या एका कॉलेजात अ‍ॅकॅडमिक काउन्सेलर आहे. मूळची सोलापूरची, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे इकडे आले आणि इकडचीच झाले. आमच्या कॉलेजला जोडून एक कम्युनिटी कॉलेज चालतं. म्हणजे काय, तर ज्यांची शाळा अर्धवट राहिली किंवा जे नोकरी-धंदा करतात, त्यांच्यासाठी छोटे, हाताला काम देणारे कोर्स. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट, पुढे वर्षाचा डिप्लोमा. तिथून काही जण नोकरीला लागतात, काही युनिव्हर्सिटीच्या डिग्रीकडे जातात. त्यांना रस्ता आखून देणं हे माझं काम.

श्रीधरला नाटकाची डिग्री हवी होती.

मला कुतूहल वाटलं. दुर्गाघाटाच्या गल्लीतला वेदपाठी घरचा मुलगा, वडील घरीच पाठशाळा चालवणारे. त्याला नाटक कुठे भेटलं?

“पूजेत,” तो म्हणाला. एका हॉलमध्ये नव्या नाटकाच्या तालमी सुरू होणार होत्या, म्हणून मुहूर्ताची पूजा सांगायला त्याला बोलावलं होतं. पूजा झाली, प्रसाद वाटला आणि तालीम सुरू झाली. “एक बाई रडत होती. डायरेक्टर म्हणाला, फिर से. ती पुन्हा रडली, पण वेगळं रडली. शब्द तेच! मी बसूनच राहिलो. दुसऱ्या दिवशी पूजा नव्हती, तरी गेलो. आठ दिवस गेलो.”

“मग घरी सांगितलंस?”

“अण्णांना म्हटलं, शिकायचं आहे. ते म्हणाले, शिकायचं तर नीट शीक. कुठे शिकवतात, पत्ता काढ.”

मी पत्ता काढायला बसले.

युनिव्हर्सिटीच्या नाट्य विभागात डिग्रीला बारावी लागते. श्रीधरकडे फक्त दहावी होती. तीही आईने हट्टाने ओपन स्कूलमधून, म्हणजे घरी बसून परीक्षा देता येते तिथून करवून घेतलेली. घरच्या पाठशाळेला सरकारी मान्यता नव्हती. त्यामुळे बारा वर्षांचं पाठांतर कागदावर शून्य.

मी प्लॅन आखला. पहिल्या वर्षी ओपन स्कूलची बारावी आणि सोबत आमचं रंगमंच-तंत्राचं सर्टिफिकेट : लाइट, सेट, साउंड, वेशभूषा. दहावीवर चालतं. दुसऱ्या वर्षी डिप्लोमा. मग लॅटरल एंट्री. म्हणजे पहिलं वर्ष न करता एकदम डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश. पुढे दोन वर्षं. एकूण चार.

मग मी दुर्गाघाटला त्यांच्या घरी गेले. गल्ली इतकी अरुंद की समोरून बैल आला तर कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. वरच्या खोलीत सात-आठ मुलं पाठ म्हणत होती. अण्णांनी हात वर केला, मुलं थांबली.

“नाटकाला माझी ना नाही,” अण्णा म्हणाले. “किती साल लागतील ते सांगा. यजमानांकडे जायचं तर जिने चढावे लागतात. माझे गुडघे अजून चार वर्षं ओढतील. पुढे यालाच बघायचं आहे.”

“चारच लागतील,” मी म्हणाले. “पक्कं.”

‘पक्कं’ हा शब्द काउन्सेलरने वापरायचा नसतो. मी वापरला.

श्रीधरने दोन्ही वर्षं चोख काढली. सकाळी पाठ, दुपारी क्लास. बारावीत फर्स्ट क्लास आला. डिप्लोमात लाइटच्या सरांनी लिहून दिलं, असा विद्यार्थी बघितला नाही. अडीच तासांच्या नाटकातले सगळे लाइट-बदल तो कागदाशिवाय सांगायचा.

अडचण आली क्रेडिटची. क्रेडिट म्हणजे शिकलेल्या तासांचं माप. अमुक तास शिकलात की एक क्रेडिट तुमच्या नावावर. दुसऱ्या वर्षात बसायचं तर पहिल्या वर्षाच्या विषयांची क्रेडिट तुमच्याजवळ हवीत. युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी तंत्र थोडं आणि अभिनय जास्त : आवाज, शरीर, आयत्या वेळी सुचेल तसा प्रसंग उभा करायचं इम्प्रोव्हायझेशन. आमच्या डिप्लोमात आवाजाचा पेपरच नव्हता. हे मी दोन वर्षांपूर्वीच ताडून बघायला हवं होतं.

मी नाट्य विभागाच्या हेड मॅडमकडे गेले. त्यांना म्हटलं, “मॅडम, यह लड़का बारह साल वेदपाठ कर चुका है. आवाज़ में इससे ज़्यादा ट्रेनिंग किसकी होगी?”

आधी कुठेही शिकलेलं ज्ञान तपासून त्याला क्रेडिट देता येतं, अशी एक सोय नियमात असते. मी तिच्यावर बोट ठेवलं. मॅडम नियम वाचून हसल्या. “चलिए, देखते हैं. मुझे भी उत्सुकता है.”

परीक्षा नाट्य विभागाच्या छोट्या स्टुडिओत झाली. मॅडम, आणखी एक सर, आणि कोपऱ्यात मी. श्रीधरने आधी एक सूक्त म्हटलं. खोली भरून गेली. सर पुढे झुकून ऐकू लागले. मी मनात क्रेडिट मोजून टाकली.

मग मॅडमनी एक वाक्य दिलं. “दरवाज़ा खोलो, पिताजी आ गए.” म्हणाल्या, “पहले ख़ुशी से.”

श्रीधरने म्हटलं. स्वच्छ, खणखणीत, एकेक अक्षर सुटं.

“अब डर से.”

त्याने पुन्हा म्हटलं. अगदी तस्संच.

“ग़ुस्से में?”

तस्संच. वर त्याचा उजवा हात प्रत्येक शब्दाबरोबर खाली-वर होत होता. पाठ शिकताना स्वर हाताने दाखवायची सवय असते, ती सुटत नव्हती. मॅडम उठल्या, त्याचा हात धरून मांडीवर ठेवला. “अब बोलो.” हात धरला तर त्याला वाक्यच आठवेना.

सर हलकेच म्हणाले, “बारह साल इसे सिखाया गया है कि स्वर बदलना पाप है. और हम कह रहे हैं, बदलो.”

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी आवाज ऐकला होता. शिकवण काय होती, ते विचारलं नव्हतं.

क्रेडिट मिळाली नाहीत. मॅडम स्पष्ट बोलल्या, “दूसरे साल में बैठाऊँगी तो डूब जाएगा. पहले साल में आए, मैं ख़ुद सिखाऊँगी.”

म्हणजे चाराची पाच वर्षं.

बाहेर पायऱ्यांवर मी श्रीधरला म्हणाले, “माझी चूक झाली. अजून एक अर्ज करून बघू. दुसरी एक युनिव्हर्सिटी आहे, तिथे नियम जरा ढिले आहेत.”

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. त्याला वाईट वाटलं असेल असं मी धरून चालले होते. पण तो म्हणाला, “काकू, त्यांनी हात धरला तेव्हा समजलं का तुम्हाला? आवाज माझ्या हातात अडकलाय. मला कधी ठाऊकच नव्हतं!”

“अरे, पण वर्ष जाईल तुझं.”

“जे मला येतं त्याचे मार्क घ्यायला मी कुठे आलो होतो? ती बाई दुसऱ्यांदा वेगळं कशी रडली, ते शिकायचं होतं. ते तर पहिल्याच वर्षात आहे. आणि आपण तेच गाळत होतो.”

दुसऱ्या युनिव्हर्सिटीचा विषय मी तिथेच सोडला.

अण्णांना सांगायला मात्र मीच गेले. पक्कं मी म्हटलं होतं. श्रीधर बरोबर येतो म्हणाला, त्याला खालीच थांबवलं. वर गेले आणि एका दमात सांगून टाकलं : परीक्षेत बसवलं, जमलं नाही, दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही, एक वर्ष जास्त लागणार. गुडघ्यांचा विषय मी काढला नाही, पण माझी नजर तिकडे गेली असावी.

अण्णांनी पाय लांब केले. मग म्हणाले, “एक समजलं नाही. पहिलं वर्ष न करता दुसऱ्यात बसवणार होतात त्याला?”

“हो. नियमात बसतं ते.”

“हे मला तेव्हा नाही सांगितलंत तुम्ही.”

“तुम्ही वर्षं विचारलीत, अण्णा. मी वर्षं सांगितली.”

“मी बारा साल शिकवलं त्याला. एक अध्याय गाळला नाही. कुणी म्हटलं असतं की पहिला सोडा, दुसऱ्यापासून घ्या, तर घराबाहेर काढला असता.” ते माझ्यावर चिडले होते, यात शंका नाही. “पाच तर पाच. जिन्याची घरं पुतण्याकडे देतो. तुम्ही चहा घेणार ना?”

मी घेतला. साखर जास्त होती.

श्रीधर सध्या डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष रीतसर करून तिथे पोचलाय. डिप्लोमाची तंत्राची क्रेडिट मात्र धरली गेली, त्यामुळे लाइट आणि सेटच्या पेपरांतून त्याला सूट मिळाली. मोकळ्या तासांत तो ज्युनिअर मुलांना लाइट शिकवतो. अभिनय कसा करतो, असं मी मॅडमना फोनवर विचारलं. म्हणाल्या, “अभी कच्चा है. पर अब रोज़ अलग ग़लती करता है.” नाट्य विभागात ही चांगली बातमी असते, असं त्यांनीच मला समजावलं.

मी अजूनही विद्यार्थ्यांना प्लॅन आखून देते. कमीत कमी वर्षांचा रस्ता शोधणं हे काउन्सेलरचं काम आहे आणि पालकांना तोच हवा असतो. फक्त आता कागद काढण्याआधी मी एक प्रश्न विचारते : यातलं काय गाळलेलं तुला चालणार नाही? निम्म्या मुलांना उत्तर येत नाही. त्यांना मी घरी पाठवते, आठवड्याने या म्हणते. प्रिन्सिपॉल साहेब म्हणतात, त्यामुळे माझ्या फायली उशिरा निघतात. ते खरं आहे.